आधी रक्त बंद

चादरींच्या गठ्ठ्यावर बसून सुप्रभा सिस्टर परीक्षेचं गेल्या वर्षीचंच गाइड खोडरबराने घासत होत्या. नवं घेणं परवडत नव्हतं, म्हणून आपल्याच खुणा पुसायच्या आणि पुन्हा सोडवायचं. कागद झिजून पलीकडची अक्षरं दिसायला लागली होती.

“मावशी, रक्त चढवताना पेशंट कुडकुडायला लागला, तर आधी काय करायचं?”

चादरींच्या घड्या घालणाऱ्या आयाबाई म्हणाल्या, “ब्लँकेट घालायचं.”

“मीही त्यावरच टिक केली होती. दोन मार्कांनी दुबईचं नर्सिंगचं लायसन्स हुकलं.”

तेवढ्यात चार नंबरच्या बेडवरून हाक आली. रक्त चालू असलेले आजोबा कुडकुडत होते. सिस्टरांचा हात थेट नळीवर गेला. आधी रक्त बंद केलं, मग डॉक्टरांना बोलावलं. ब्लँकेट मावशींनी आणलं.

आजोबा शांत झोपल्यावर दोघी परत येऊन बसल्या.

“एवढं येतंय, तर परीक्षेत कशा चुकलात?” मावशींनी विचारलं.

सिस्टरांनी खोडरबर उचलला.

“सहा महिने साठवून फी भरली होती, मावशी. तिथे मीच कुडकुडत होते.”