म्हशीला गोंजारताना

निवृत्तीने बायकोचं हिरवं पातळ पायजम्यावरूनच गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला आणि तो म्हशीजवळ बसला. म्हशीने मान वळवून पाहिलं आणि लाथ झाडली. बादली कुडाला जाऊन लागली.

"पदर पुढं घे बे," कुडापलीकडून शेजारचा पुंजाजी म्हणाला. "तिले तुही मिशी दिसून राह्यली."

म्हैस रुखमाबाईशिवाय कोणाला हात लावू देत नसे. बाई परगावी गेली की घरच्या पुरुषाने तिचं पातळ नेसून धार काढायची, ही वडनेरातली जुनी रीत. निवृत्तीवर ती वेळ तीस वर्षांत आली नव्हती, कारण रुखमाबाई तीस वर्षांत कुठे राहायला गेलीच नव्हती.

या खेपेला ती भाच्याच्या लग्नाला भावाकडे दुसरबीडला गेली. लग्न होऊन आठ दिवस झाले, तरी परतली नव्हती; इकडे म्हैस निवृत्तीला चार धारांवर दूध देत नव्हती. रोज सकाळी तिचा फोन यायचा. म्हशीने सरकीची ढेप खाल्ली का, दूध दिलं का, एवढं विचारून बंद व्हायचा. काल म्हणाली, "अशानं आटंन ते. तुमच्यानं एक म्हैस सांभाळनं होत नाही."

ती घरी येत नाही ती याच रागानं, निवृत्तीला वाटलं. आज धार काढून दाखवली की ती संध्याकाळपर्यंत घरी येईल. म्हैस आटली, तर मात्र कधी येतेस हे विचारायचंही तोंड उरणार नाही.

"नुसतं पातळ नेसून काय होते, भाऊजी," पुंजाजीची बायको पंचफुला म्हणाली. "गोंजारा तिले. रुखमाबाईच्या पाठीवरून हात फिरवता, तसा फिरवा."

निवृत्तीने आठवून पाहिलं.

"वरून खाली, का खालून वर?"

पंचफुला हसली. मग हसायची थांबली.

"केसायच्या दिशेनं," ती म्हणाली.

त्याने मानेवर हात ठेवला. म्हशीचं कातडं थरारलं. "थकली असशीन," तो पुटपुटला. "बस, बाई. कोनी इचारत नाही तुले." हात पाठीवरून उतरत गेला. बऱ्याच वेळाने म्हशीने पाय सैल सोडला आणि पान्हावली.

बादली अर्धी झाली तेव्हा फोन वाजला. हात ओले होते. पंचफुलाने आत येऊन फोन उचलून त्याच्या कानाशी धरला.

"देल्लं का दूध?" रुखमाबाईने विचारलं.

"हाव. म्या काढलं."

"हात लावू देला तुमाले?"

"गोंजारलं तिले."



"तुमाले येते ते?"

"आलं. तू ये आता. काही काळजी नाही राह्यली."

रुखमाबाईने फोन बंद न करताच भावाला हाक मारली. "दादा, गाडीतून पिशव्या उतरव माह्या. म्हशीची सोय लागली. मी नाही जात आता."