अराली उठला का?

कळपापासून फटकून राहणाऱ्या एका चिंपांझीचं नाव कबागांबेनं अराली ठेवलं. त्याच्या जोडीला चिंपांझींचा माग काढणारे सगळे परमुलखातले. त्यांना नवल वाटलं.

"अराली? हे कसलं नाव, म्हातारबा?"

"आम्हा तोरो लोकांत प्रत्येकाला एक लाडाचं नाव असतं. घरच्यांनी हाक मारायला."

"मग जनावराला कशाला?"

"त्याला तरी घरचं कोण आहे?"

तेव्हापासून रोज सकाळी वायरलेसवर कुणीतरी विचारतं, "अराली उठला का? काही खाल्लं का त्यानं?"

अंजिराखाली बसलेला कबागांबे वायरलेस कानाशी धरतो. "नीट ऐकू आलं नाही. परत विचार."

बायको गेल्यापासून त्याला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.