सत्ताविसावी बादली

"बोट पाण्यात टाकायची असते, लहानूकाका! पाणी बोटीत नव्हे!"

ताराने बादली आपटली. लकडगंजात कूलरच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या लहानूने मानसुद्धा वर केली नाही.

"गळकी टाकी आमी अशीच पायतो. ओत वं."

दुकानामागच्या अंगणात, चार जुन्या टायरांवर, फायबरची शिडाची बोट बसली होती. तलावावरच्या क्लबात मुलांसाठी नवी आली, तेव्हा ही जुनी मुलींच्या गळ्यात पडली. तारा आणि तिची मैत्रीण अरुंधती यांनी तिचं बूड तीनदा खरवडलं, तीनदा भोकं बुजवायचं रेझिन लावून घासलं. हातांची खाज अजून जात नव्हती. आणि तिन्ही वेळा तेच! काठाशी रिकामी ठेवली तर थेंब नाही. दोघी बसून तलावाच्या मध्यावर गेल्या, की घोट्यापर्यंत पाणी.

"बोट चांगली आहे गं," क्लबात शिकवणारे श्रीधर सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुम्ही बसता म्हणून गळते." मुलं पोट धरधरून हसली. उद्या सकाळी शेवटची चाचणी. पुन्हा गळली तर बोट भंगारात, आणि मुलींनी शर्यत काठावरून बघायची.

पंधरा बादल्या झाल्या. बूड बाहेरून ठणठणीत कोरडं.

"पाहिलंत? काही नाही निघत. आता पुरे!"

"तुमी दोघी बसता कुठं?"

"मागे."

"मंग मागून किती बुडते ते?"

ताराने चिडूनच बोटीच्या पाठीवर, मागच्या उभ्या बाजूवर, हात ठेवला. "एवढी!"

"तर पानी तेथवर भर. अर्ध्यात काहून थांबून राहिली?"

अरुंधती विहिरीतून शेंदत होती, तारा वाहत होती. सोळा. वीस. तिच्या चपलेचा अंगठा तुटला. काकांना त्यांची टाकीच लखलाभ, असं ती प्रत्येक बादलीला पुटपुटत होती. चोवीस. पंचवीस.

सत्ताविसाव्या बादलीला अरुंधती ओरडली, "तारे, इकडे बघ!"

बोटीच्या पाठीवर, रंगाच्या केसाएवढ्या भेगेतून पांढरा फेस येत होता. मग रंगाची खपली पडली आणि पाण्याची बारीक धार लागली. वीतभर अंतरावर दुसरी.

लहानूने फेस बोटावर घेऊन हुंगला. "कपड्याचा साबन. कोनीतरी भोकात भरला अन् वरून रंग फासला." कानामागची पेन्सिल काढून त्याने दोन्ही भोकांभोवती गोल केले. "हे तं स्क्रूचे भोकं आहेत. इथं काही लावलं होतं काय वं?"

ताराने दोन्ही गोलांवरून बोट फिरवलं. इथे पितळी पाटी होती, बोटीचं नाव 'टिटवी' लिहिलेली. नवी बोट आली त्या दिवशी मुलांनी ती काढून नवीला लावली होती. केवढ्या टाळ्या पडल्या होत्या! तिनेही वाजवल्या होत्या.

"दहा मिनटात बुजवतो दोनी," लहानू रेझिनचा डबा उघडत म्हणाला.

"नका बुजवू," ताराने फ्रॉकला हात पुसले. "ही भोकं आमच्या पाटीची आहेत. आधी तुमचा पेचकस द्या, काका."