बाद व्हायचं पुस्तक

"कार्ड बंद झालं म्हणजे काय?" ओडेला प्रुइटनं विचारलं. वय एकोणऐंशी, आवाज मात्र खणखणीत.

"तुम्ही भाचीकडे राहायला गेलात ना, बाई. ते गाव दुसऱ्या काउंटीत येतं. आमचं कार्ड इथल्यांनाच," ग्रंथपाल मार्लिस म्हणाली. हे ती तिसऱ्यांदा सांगत होती.

आता या मार्लिसपुढे किती डोकं फोडायचं! आयोवातल्या त्या वाचनालयाचा नियम असा, की पाच वर्षं कोणी नेलं नाही तर पुस्तक बाद. ओडेलाचा एकुलता एक कवितासंग्रह चाळीस वर्षं फळीवर टिकला, तो ती स्वतःच अधूनमधून घरी नेत होती म्हणून. दुसरं कोण नेणार? अख्ख्या गावाला मक्याचे भाव तोंडपाठ, कवितेचं नाव काढलं की सगळ्यांना कामं आठवतात. आणि या खेपेची पाच वर्षं उद्या भरत होती.

मागे ड्वेन स्टकी, गावातला नळदुरुस्तीवाला, बॉयलरवरचं पुस्तक धरून ताटकळला होता.

"माझ्या कार्डावर टाक गं ते," तो वैतागून म्हणाला, "आणि मला मोकळं कर एकदाचं."

मार्लिसनं शिक्का मारला. ओडेलाला हायसं वाटलं. तिनं पुस्तकासाठी हात पुढे केला.

"अहं," ड्वेन म्हणाला. "कार्ड माझं, तर पुस्तकही माझ्याच घरी येणार."

"पण तुला वाचायची काही गरज नाही रे."

"मग काय नुसतं फिरवून आणू?"

तो निघालासुद्धा. ओडेला त्याच्या मागोमाग बाहेर आली. तो गाडीत बसला, पण गाडी हलेना. पुस्तक स्टिअरिंगवर उघडं होतं. कोणी आपलं पुस्तक वाचतंय, हे तिनं आजवर डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं.

गाडीची काच खाली आली.

"बाई, पान अकरा. आपल्या नदीवरचं धुकं तुम्ही पुलाकडून आणलंय. साफ चूक. मी रोज पहाटे तिथं गळ टाकून बसतो. धुकं येतं गिरणीकडून."

"गिरणीकडून? डोळे तपासून घे आधी," ओडेला कडाडली.

चाळीस वर्षांत तिची चूक काढायलाही कोणी आलं नव्हतं. ती वळसा घालून पलीकडे गेली, दार उघडलं, सीटवरची नळदुरुस्तीची हत्यारं खाली सारली आणि आत बसली.

"आता बारावं वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."