एक पूर्णांक चार

"ताऱ्यांची सरासरी एक पूर्णांक चार," ऑडिओबुक कंपनीचे किशोरसर फोनवर म्हणाले. "पाच वाजेपर्यंत तीनवर आली नाही, तर पुढचं पुस्तक दुसऱ्या आवाजात करू. वाईट वाटून घेऊ नका."

वेदिकाने वाईट वाटून घेतलं. हे तिच्या आवाजातलं चौथं ऑडिओबुक. आधीच्या तिन्हींचंही असंच झालं होतं. पहिले दोन दिवस बरे जायचे, मग कुठून तरी एकेका ताऱ्याची रांग लागायची. आपल्या आवाजाने या लोकांचं काय घोडं मारलं, तिला कळत नव्हतं.

स्वयंपाकघरात आई मेथी निवडत एक खून ऐकत होती. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये ती द्राक्षांची निवड करायची. आज सुट्टी होती. ऑडिओबुकचा नाद तिला वेदिकानेच लावला आणि तिने तो पॅकहाउसभर पसरवला. आता चाळीस बायका इअरफोन घालून कात्री चालवायच्या.

ऐकण्यावर मायलेकींचं एकमत होतं. काय ऐकायचं यावर नव्हतं.

"तुझ्या गोष्टीत कुणी मरतच नाय," आई म्हणायची.

"मरतात की. आतल्या आत."

"मग ऐकणाऱ्याला कसं कळायचं?"

कालच आईने खुनाच्या एका अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकालाही पाच तारे दिलेले वेदिकाने पाहिले होते. स्वतःच्या पुस्तकाचं विचारायचा तिला धीर झाला नव्हता.

साडेतीनला ती मेथीसमोर येऊन बसली.

"आई, पाच वाजता माझं काम जातंय. लोकांना मी आवडत नाही. ताऱ्यांमध्ये मार खातेय."

आईने खून थांबवला. "आणि हे आज सांगती?"

"कसं सांगणार? तुला तरी कुठे आवडतं माझं?"

"आवडत नाय म्हणून काय झालं. लेक कोणाची हाय?"

आई हात पुसून फोन घेऊन बाल्कनीत गेली. वेदिका आतून नावं ऐकत राहिली. कुसाबाई. नांदगावचा केरूमामा, त्याच्या दोन्ही सुना. टेम्पोवाला भिका. आई कुणाला दटावत होती, कुणाला गळ घालत होती. वेदिकाला रडू आलं. इतकी वर्षं आपण उगाच अढी धरून बसलो, असं तिला वाटलं.

चार चाळीसला आई घाम पुसत आत आली. "झालं. मागच्या तीन वेळी जे राहिले होते, त्यांना पण धरलं."

"मागच्या तीन वेळी?"

"मग काय. दर वेळी पॅकहाउसच्या सगळ्या बायकांना समोर बसवून तारे द्यायला लावले मी."

वेदिकाने अ‍ॅप उघडलं. एकशे बारा नवे लोक. सरासरी एक पूर्णांक एक.

आईने डोळे बारीक करून तिच्या खांद्यावरून पाहिलं. "बघ, आलंच जवळ. एक नंबरचा माल बोटीने लंडनला जातो, पाच नंबरचा बेदाण्याला. आता रडू नको, अजून वीस मिनिटं हायेत. पुंजारामची अख्खी भजनी मंडळी द्यायची राहिलीय."