तळाजवळची फळी

हंगाम आठवड्यावर आला होता. शिडाचं गलबत किनाऱ्यावर रंगाची वाट बघत उभं होतं. म्हातारा मिस्त्री शेवटची तपासणी म्हणून एकेक फळी हातोडीने वाजवत निघाला. तळाजवळची एक फळी बद्द वाजली. त्याने पटाशी टेकवली, तर ती मुठीपर्यंत आत गेली. कोणी पाहिलं नव्हतं. डेकवरून त्याच्या कप्तान जावयाने हाक मारली, “मामा, रंगारी खोळंबलेत!” चाळीस वर्षांत मिस्त्रीच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्याने कुऱ्हाड उचलून दोन घावांत फळी फोडली. जावई धावत आला. कुजका भुगा पाहून ओरडला, “माणसं बुडाली असती! कोणत्या गाढवाने बसवली ही?” “मीच. गेल्या वर्षी. लाकूड कच्चं होतं, कळत होतं मला. पण घाई होती.” तेव्हाही घाई जावयाचीच होती. बाह्या सरसावून तो खिळे उपटू लागला.