चौथा गुडघा

चौथाही गेला. काम संपवून वर निघालेल्या कापायच्या टूलने जाता जाता चकचकीत कडेचा लचका तोडला. नखभर खोल. आधीचे तीन जिथे गेले, अगदी तिथेच.

तिने लाल बटण दाबलं आणि मशीनची काच सरकवली. आत कृत्रिम पायाचा ॲल्युमिनियमचा गुडघा होता. तीन तासांचं काम. या वेळी मशीनवर दुसरं कोणी नव्हतं, ती स्वतः उभी होती.

आधीच्या तिन्ही गुडघ्यांचं खापर तिने नव्या ऑपरेटरवर फोडलं होतं. "मॅडम, मी सगळं तीनतीनदा तपासलं हो," तो सांगत होता. पन्नाशीचा माणूस, बोलताना हातातली टोपी पिळत होता. तिने ऐकलं नाही. मशीनचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला होता, आणि सहा वर्षांत त्यावर निघालेल्या एकाही गुडघ्यावर साधा ओरखडा नव्हता. बदलला होता तो फक्त ऑपरेटर. तिने रिपोर्टमध्ये 'ऑपरेटरची चूक' असं लिहिलं आणि काल संध्याकाळी मालकांनी त्याला घरी पाठवलं. कायमचं.

मग आज हे काय?

तिने टूलची लांबी पुन्हा मोजली. बरोबर. धातूचा तुकडा पकडीतून हलला होता का? नाही. कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवून पाहिला. पडद्यावरचं टूल कडेला न शिवता, बोटभर अंतरावरून तिरकं वर निघून गेलं. दहा वेळा पाहिलं, दहाही वेळा तसंच गेलं. पडदा म्हणत होता सगळं आलबेल, आणि हातात खोक पडलेला गुडघा. तिची मती गुंग झाली. दुपारी तिने तो फडक्यात गुंडाळला आणि उस्तादांचं घर गाठलं.

उस्ताद म्हणजे आधीचे ऑपरेटर. सहा वर्षं तिचे सगळे प्रोग्राम त्यांनीच चालवले. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही.

"कळतं सगळं," दार उघडत उस्तादांच्या पत्नी, काकू म्हणाल्या. "बोलता येत नाही एवढंच."

उस्ताद खिडकीपाशी खुर्चीत होते. तिने गुडघा त्यांच्या डाव्या हातात दिला. अंगठा कडेवरून फिरत गेला आणि खोकेत अडकला. त्यांनी डोळे मिटले.

"उस्ताद, असे चार गेले. टूल चुकतंय का?"

मान नाही म्हणाली.

"तुकडा नीट बसत नाही?"

पुन्हा नाही.

"मग चुकतंय तरी काय?"

त्यांचं तोंड उघडलं. "प्र... प्र..." गळ्याच्या शिरा ताठल्या. पुढचं अक्षर काही येईना. हनुवटीवर लाळ ओघळली, ती काकूंनी रुमालाने टिपली. तिला वाटलं, उगाच आले. या माणसाला सगळं ठाऊक आहे आणि आपण त्याचा नुसता छळ मांडलाय.

मग उस्तादांचा डावा हात उठला. बोटाने हवेत काहीतरी दाबलं. मूठ दोनदा गोल फिरली. पुन्हा बोटाने दाबलं.

"हे दिवसभर चालतं बघ," काकू म्हणाल्या. "मी कधी पंखा लावते, कधी बंद करते. तरी आपलं चालूच. डॉक्टर म्हणाले, हाताला चाळा लागलाय."

तिला मात्र त्या हातापुढे मशीन दिसलं. थांबवायचं बटण. टूल वर उचलायचं हातचाक. पुन्हा चालू करायचं बटण.

"तुम्ही शेवटी थांबवून टूल हाताने वर घेत होतात? प्रत्येक गुडघ्याला?"

मान हो म्हणाली.

"कधीपासून?"

उस्तादांनी तिच्याकडे बोट केलं. ती कामाला लागली तेव्हापासून.

तिचे डोळे खाडकन उघडले. पडद्यावरचं टूल सरळ रेषेत तिरकं चढत होतं. कारखान्यातलं ते जुनं मशीन मात्र बाजूला भरभर धावतं आणि वर सावकाश चढतं. टूल पुरतं वर येण्याआधीच कडेत घुसत होतं. आधी वर, मग बाजूला, एवढ्या दोन ओळी प्रोग्राममध्ये हव्या होत्या. त्या तिने लिहिल्याच नव्हत्या. सहा वर्षं त्यांचं काम हा हात करत होता.

तिने तिथूनच मालकांना फोन लावला. "चूक माझ्या प्रोग्रामची आहे, त्या माणसाची नाही. त्याला परत बोलवा."

"कुठून बोलवू?" मालक म्हणाले. "सकाळी येऊन सामान घेऊन गेला. मघाशी मी पगाराचं विचारायला फोन केला, तर नंबर बंद. आणि जाताना कागदावर सही करून गेलाय, चूक माझी म्हणून. मॅडमनी लिहिलंय म्हणजे माझीच असणार, म्हणाला."

तिने फोन खाली ठेवला. उस्तादांचा हात अजून हवेत फिरतच होता. तिने तो दोन्ही हातांत धरला, तरी थांबेना.

काकूंना यातलं काहीच कळलं नव्हतं. पोरीला धीर द्यावा म्हणून त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नकोस गं. घरी आले की हे नेहमी सांगायचे, त्या पोरीच्या प्रोग्रामला कधी हात म्हणून लावावा लागत नाही."